गोलंदाजीचा श्रीगणेशा

गल्लीतील क्रिकेटमध्ये बॅट ज्याच्या घरची, त्याची फलंदाजी पहिली. चेंडू मग ज्याच्या हाती येईल तो गोलंदाज! त्यामुळे गोलंदाजी ही शिकण्याची विद्या आहे, ही कल्पनाच अनेक मुलांच्या मनात रुजत नाही. जोराने धावावे आणि अंगातील सारे बळ एकवटून चेंडू भिरकावावा, एवढाच तिचा अर्थ समजला जातो. वास्तविक आपल्या भाषेनेच हा भेद नेमका टिपला आहे. गोलंदाज चेंडू टाकतो, फेकत नाही. टाकणे आणि फेकणे यांतील अंतर ज्याला उमगले, त्याचा श्रीगणेशा झाला असे समजावे.

हे अंतर कोपरात असते. हात खांद्याच्या उंचीवर आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत वाकलेले कोपर सरळ होता कामा नये, हा खेळाचा मूळ दंडक. मानवी शरीराची मर्यादा ओळखून आंतरराष्ट्रीय सामन्यांत २००५ पासून १५ अंशांपर्यंतची सूट देण्यात आली. परंतु नवशिक्याने त्या सुटीचा विचारही करू नये. लहानपणी जडलेली कोपर झटकण्याची खोड पुढे मोडणे फार कठीण जाते.

शिकण्याची सुरुवात धावण्याने नव्हे, उभे राहण्याने करावी. उजव्या हाताच्या गोलंदाजाने डावा खांदा फलंदाजाकडे करून उभे राहावे, डावा हात उंच उचलावा आणि त्याच्या बाजूने लक्ष्याकडे पाहावे. डावा हात खाली खेचला जात असता उजवा हात कानाजवळून वर्तुळाकार यावा, डाव्या पायाचा पंजा लक्ष्याच्या दिशेने पडावा आणि चेंडू सुटल्यावरही शरीर पुढे जात राहावे. मध्येच थबकणे म्हणजे सारा भार कमरेवर घेणे होय. ही क्रिया अंगवळणी पडली की एक पाऊल, मग तीन पावले, आणि अखेरीस पूर्ण धाव. धावेचे अंतर दुसऱ्याचे पाहून ठरवू नये. यष्टींपासून उलट दिशेने सहज धावत जावे आणि जेथे उडी आपोआप पडेल तेथे खूण करावी.

चेंडूची पकडही अशीच साधी असावी. शिवण उभी, तिच्या दोन्ही अंगांना तर्जनी व मधले बोट, खाली अंगठा, आणि तळहात व चेंडू यांत थोडी फट. मूठ आवळली की मनगट अडते. बावीस यार्डांची खेळपट्टी लहान मुलाला लांब पडते. तेव्हा अंतर कमी करावे, चेंडू हलका घ्यावा. टप्प्याच्या जागी एखादा रुमाल पसरावा आणि त्यावर किती चेंडू पडले ते मोजावे. वेग मागाहून येतो. दिशा मात्र आधीच यावी लागते.

पालकांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. जलद गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोर शरीरावर येतो. त्याच क्षणी कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला असतील, तर पाठीच्या कण्याला पीळ पडतो आणि कोवळ्या हाडाला चीर जाऊ शकते. डेनिस लिलीसारख्या बलदंड गोलंदाजाला १९७३ मध्ये पाठीच्या अशाच दुखण्याने मैदानाबाहेर बसवले. चिकाटीने व्यायाम करून तो परतला आणि ३५५ कसोटी बळी घेऊन १९८४ मध्ये निवृत्त झाला. परंतु प्रत्येक मुलाच्या वाट्याला असे पुनरागमन येत नाही. पाठ दुखते असे मूल सांगू लागले, तर तो आळस समजू नये. चेंडू बाजूला ठेवावा आणि वैद्यांना दाखवावे.

याच लिलीच्या मार्गदर्शनाखाली मद्रासला १९८७ मध्ये जलद गोलंदाजांचे शिक्षण सुरू झाले. तेथे वेगवान गोलंदाज होण्याच्या उमेदीने गेलेल्या किशोरवयीन सचिन तेंडुलकरला फलंदाजीकडे लक्ष देण्याचा सल्ला मिळाला. आपला पिंड कोणता, हे वेळीच कळणे हाही शिक्षणाचाच भाग.

वेग नसला म्हणून वाट बंद होत नाही. गोरखपूरचा नरेंद्र हिरवाणी ऐन कुमारवयात इंदूरला आला आणि संजय जगदाळे यांच्या नजरेखाली लेगब्रेक घोटत राहिला. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला, एकोणिसाव्या वर्षी, पहिल्याच कसोटीत त्याने वेस्ट इंडिजचे १६ गडी १३६ धावांत बाद केले. खेळपट्टी फिरकीला साथ देत होती, हे खरे. पण साथ घ्यायलाही चेंडू योग्य जागी पडावा लागतो. फलंदाज मोहाने पुढे सरसावत राहिले, आणि बडोद्याच्या किरण मोरे यांनी त्या सामन्यात सहा जणांना यष्टिचीत केले.

त्या सोळा बळींमागे फलंदाजाविना, मोकळ्या जाळ्यात टाकलेले असंख्य चेंडू उभे होते. त्यांना टाळ्या मिळत नाहीत, धावफलकावर त्यांची नोंद होत नाही. ज्या मुलाला तो एकांत कंटाळवाणा वाटत नाही, त्याच्या हाती चेंडू निःशंकपणे द्यावा.