दातेरी चाक आणि खिटी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात, विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने परभणी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज शेजारच्या खोल्यांत आपल्या मुलामुलींनी मांडलेले प्रदर्शन आपण पाहिलेच असेल. लोखंडी खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून केलेला विद्युतचुंबक तेथे आहे, विजेची घंटा आहे, जुन्या घड्याळाचे उघडे यंत्रही आहे. मी बी. ए., बी. एड. शिक्षक. माझे विषय मराठी आणि इतिहास. तेव्हा यंत्रावर मी काय बोलणार, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. परंतु यंत्रालाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासात आपल्यासारख्या साध्या घरांतील माणसे जागोजागी भेटतात. म्हणून एका लहानशा युक्तीविषयी मी आज बोलणार आहे. पुढे-मागे होणाऱ्या हालचालीपासून, एकेक पाऊल टाकत फिरणारी गती कशी मिळते, एवढाच माझा विषय आहे.

ही युक्ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे. शिलाई मशीन घ्या. सुईखाली पट्टीतून वर येणारे बारीक दाते असतात. ते वर येतात, कापड एक टाका पुढे सरकवतात, खाली जातात आणि रिकामे मागे येतात. दाते जागच्या जागी ये-जा करतात. कापड मात्र पुढेच जाते. जाताना काम करायचे आणि येताना मोकळे यायचे, हे त्यातले मर्म आहे.

आता सायकल घ्या. पायडल मारणे थांबवले तरी सायकल धावत राहते आणि मागच्या चाकातून टिकटिक आवाज येतो. तो आवाज फ्रीव्हीलचा. त्याच्या आत तिरप्या दात्यांचे कडे असते आणि स्प्रिंगने उचललेल्या लहान खिट्या असतात. पायडल पुढे मारले की खिटी दात्यात अडकते आणि चाक ओढले जाते. पाय थांबला की तीच खिटी दात्यांच्या पाठीवरून घसरत जाते आणि टिकटिक वाजते. आपले सायकलवाले कारागीर या खिटीला ‘कुत्ता’ म्हणतात. नाव किती योग्य आहे पाहा! एका बाजूने येणाऱ्याला वाट देतो, दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला धरतो.

पुढे-मागे होणारी गती आणि फिरणारी गती यांची सांगड घालणे ही माणसाची जुनी धडपड आहे. आमीद, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबकिर, येथील राजदरबारात अल्-जझरी नावाचे थोर यंत्रकार होते. त्यांनी १२०६ साली यंत्रांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. त्यात पाणी उपसण्याचा एक पंप आहे. त्यात फिरणाऱ्या चाकाची गती दट्ट्यांच्या पुढे-मागे होणाऱ्या गतीत बदलते, आणि दोन नळकांडी आळीपाळीने पाणी ओढतात. अल्-जझरी हाताने काम करणारे होते, आणि केलेले काम मापांसह, आकृत्यांसह लिहून ठेवणारेही होते. त्यांनी लिहून ठेवले म्हणूनच आठशे वर्षांनी आपण त्यांचे नाव घेतो.

विजेची गोष्ट त्यानंतर फार उशिरा आली. तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसुई हलते, हे डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले. लोखंडावर तार गुंडाळून वीज सोडली की लोखंड चुंबक होते आणि वीज बंद केली की त्याचा जोर जातो, हेही लवकरच ध्यानात आले. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी हे चुंबक फार बलवान केले. १८३१ मध्ये त्यांनी एक यंत्र बनवले. त्यात तराजूच्या दांडीसारखा आडवा विद्युतचुंबक होता. तो एका बाजूला झुकला की त्याच्या तारा बॅटरीला टेकत, त्याची ध्रुवता बदले आणि तो दुसऱ्या बाजूला झुके. मिनिटाला सुमारे ७५ वेळा तो असा डुलत राही. विजेने केलेली ही पुढे-मागे होणारी गती. तिच्यापासून प्रत्यक्ष उपयोग काय, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते.

हे हेन्री कोण होते? वडील लवकर वारले, घरची गरिबी. तेराव्या वर्षी ते ऑल्बनी गावात एका घड्याळ आणि चांदीकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला लागले. पुढे १८१९ मध्ये त्याच गावच्या अकॅडमीत त्यांना विनाफी प्रवेश मिळाला. फी माफ होऊनही भागत नव्हते, म्हणून शिकवण्या करून त्यांनी शिक्षण पुरे केले आणि त्याच अकॅडमीत ते प्राध्यापक झाले. घड्याळाच्या दुकानात बसलेल्या मुलाची फी कोणीतरी माफ केली, एवढीच ती गोष्ट. तिचे फळ साऱ्या जगाने खाल्ले.

आता मुख्य यंत्राकडे येऊ. प्रदर्शनातील विजेची घंटा आपण पाहिली. वीज सुरू झाली की चुंबक लोखंडी पट्टी ओढतो आणि टोला पडतो; वीज तुटली की स्प्रिंग पट्टीला मागे आणते. समजा, टोल्याच्या जागी पट्टीला एक खिटी बसवली आणि तिच्यापुढे तिरप्या दात्यांचे चाक ठेवले. प्रत्येक ओढीला खिटी एक दाता ढकलेल. पट्टी मागे जाताना खिटी दात्याच्या पाठीवरून घसरेल. पण तिच्याबरोबर चाकही मागे फिरले तर? म्हणून दुसरी एक खिटी लागते. ती काहीच ढकलत नाही. चाकाने कमावलेला दाता गमावू द्यायचा नाही, एवढेच तिचे काम. ढकलणारी आणि धरून ठेवणारी अशा दोन खिट्या झाल्या की यंत्र पुरे झाले. विजेचा एक ठोका, चाकाचे एक पाऊल.

या यंत्राने दोन मोठी कामे केली. पहिले घड्याळाचे. मोठ्या कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि रेल्वे स्टेशनांवर शंभर ठिकाणी घड्याळे लावायची, पण वेळ सर्वत्र एकच हवी. म्हणून एक मुख्य घड्याळ ठेवत. ते दर अर्ध्या किंवा एका मिनिटाला तारेतून विजेचा ठोका पाठवी, आणि प्रत्येक भिंतीवरच्या घड्याळातील चुंबक चाकाचा एक दाता सरकवी. अर्ध्या मिनिटाचा ठोका असेल तर १२० दात्यांचे चाक तासाला बरोबर एक फेरा करते. हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा.

दुसरे काम टेलिफोनचे. मुंबई आणि कलकत्ता येथे १८८२ मध्ये टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले, तेव्हा ऑपरेटर हाताने तारा जोडून देत असे. अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाचा मनुष्य होता. प्रेताच्या अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्याचा धंदा. आपल्याकडे येणारे फोन ऑपरेटर दुसऱ्या धंदेवाल्याकडे वळवते, असा त्याला संशय आल्याची गोष्ट सांगतात. ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याला १८९१ मध्ये मिळाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ला पोर्ट गावी असे एक्सचेंज सुरू झाले. आपल्या देशात पहिले स्वयंचलित एक्सचेंज १९१३-१४ मध्ये शिमल्याला बसले. स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने देशातच ही यंत्रे बनवली, आणि १९६० मध्ये लखनौ-कानपूर थेट ट्रंक डायलिंग सुरू झाले.

यंत्र असे होते. एका दांड्यासमोर अर्धगोलात शंभर टोके, दहा ओळींत दहा-दहा. आपण डायलवर ७ फिरवून सोडला की तो परत येताना वीज सात वेळा तुटे, म्हणजे सात ठोके जात. खिटी दांड्याला सात पायऱ्या वर चढवी. पुढचा आकडा ३ असेल तर दुसरी खिटी त्याला तीन पावले फिरवी. दांडा ७३ व्या तारेवर उभा! बोलणे चाले तोवर धरून ठेवणारी खिटी त्याला हलू देत नसे. आपण फोन खाली ठेवला की एक चुंबक ती खिटी सोडवी आणि दांडा मूळ जागी जाई. शून्याला दहा ठोके असत. आपल्या परभणीचा कोड ०२४५२ आहे. त्या डायलने तो फिरवला तर १०, २, ४, ५ आणि २ असे तेवीस ठोके होतात.

ही खडखडणारी एक्सचेंजे आता गेली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिची इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजे खेड्यापाड्यांत पोचली आणि खिट्यांची जागा इलेक्ट्रॉनिक सर्किटांनी घेतली. घड्याळांतही तेच झाले. आज उरुसाच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या भिंतीवरच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो. तो दर सेकंदाचा ठोका एका वेटोळ्यात जातो, एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने, आणि इवलासा चुंबक दर वेळी एकाच दिशेने अर्धा फेरा फिरतो. खिटी गेली, पण विचार तोच राहिला : ये-जा करणारी गती आणि पावलापावलाने फिरणारा काटा. अनेक प्रिंटर कागद पुढे सरकवतात तेही अशाच पावले टाकणाऱ्या मोटरने.

पालकहो, आता मी आपल्याशी थोडे मोकळेपणाने बोलतो. माझ्या आठवीच्या वर्गात सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा एक मुलगा आहे. विज्ञानाच्या सरांनी रॅचेटची आकृती फळ्यावर काढली तेव्हा हा उठून म्हणाला, “सर, हा तर कुत्ता आहे. याची स्प्रिंग मेली की पायडल पोकळ फिरतं.” पुस्तकात नसलेले वाक्य त्याने सांगितले, आणि ते अगदी खरे होते. पण पालक सभेला त्याचे वडील मला म्हणाले, “गुरुजी, औंदा त्याला दुकानात बसवतो. हाताला हुनर लागलं की पोटाला कमी पडत नाही.”

त्या बाबांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. हुनर ही इज्जतीची गोष्ट आहे, आणि बेकार पदवीधर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. परंतु हुनर बदलत असते. चावीच्या घड्याळांची स्प्रिंग बसवण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्या टेबलावर क्वार्ट्‌झचे घड्याळ आले तेव्हा सेल बदलण्यापलीकडे काम उरले नाही. एक्सचेंजमधली खिटी साफ करणाऱ्याला सर्किट वाचायला शिकावे लागले. ज्याला फक्त ‘कसे’ ठाऊक होते तो थांबला, ज्याला ‘का’ हेही ठाऊक होते तो पुढच्या यंत्राकडे गेला. ‘का’ हे शाळेत कळते, गणितात आणि विज्ञानात कळते. दुकान संध्याकाळी उघडे असते. दहावीचे वर्ष पुन्हा येत नाही. दहावी झाली तर आय. टी. आय., पॉलिटेक्निक, पुढे इंजिनियरिंग, सगळी दारे उघडी राहतात. आणि हे मी मुलींसाठीही बोलतो आहे. शिलाई मशीनचे दाते कपडा कसा सरकवतात हे आज मला सर्वांत नीट समजावून सांगितले ते प्रदर्शनातल्या नववीच्या मुलीने.

आपल्या मुलांना पुढे ढकलणारे हात पुष्कळ आहेत. शिक्षक ढकलतात, परीक्षा ढकलतात, आईबाप ढकलतात. उणीव आहे ती धरून ठेवणाऱ्या खिटीची. वडील आजारी पडले, धंदा बसला, बहिणीचे लग्न निघाले की मुलाचे शाळेचे वर्ष पहिल्यांदा जाते, आणि कमावलेले दाते एका झटक्यात मागे फिरतात. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. संस्थेने आठवी ते दहावीतील गळतीची यादी दर महिन्याला पाहावी आणि अडचणीतल्या घरी कोणीतरी जाऊन यावे. पालकांनी मुलाला दुकानात जरूर बसवावे, पण शाळा सुटल्यावर. आणि विद्यार्थ्यांनी आपल्या वडिलांच्या, काकांच्या दुकानातील एक तरी यंत्र उघडून त्याची आकृती वहीत काढावी, भागांची नावे लिहावीत, कारागीर वापरतात ती नावेसुद्धा. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात त्या वह्या मांडाव्यात.

त्या आठवीतल्या मुलाच्या वडिलांना मी आजच्या समारंभाचे निमंत्रण दिले होते. ते मागच्या रांगेत बसले आहेत. समारंभानंतर त्यांनी आपल्या मुलाला घेऊन विद्युतचुंबकाच्या टेबलापाशी यावे, चहा आपण तेथेच घेऊ.