लंडनला लेकीकडे निघताना
(रेडिओवरील भाषण)



आपल्या शहरात सिडकोत, गारखेड्यात, उस्मानपुऱ्यात आता अशी बरीच घरं आहेत, ज्यांतला मुलगा नाहीतर मुलगी लंडनला असते. मग एके दिवशी फोन येतो, “आई, बाबा, या ना आता.” नातवंड यायचं असतं, नाहीतर नुकतंच आलेलं असतं. अशा घरांतल्या आई-वडिलांशी मला आज बोलायचंय. मी स्वतः लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, म्हणून हे अगत्यानं सांगते.

आधी व्हिसा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही. ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. साध्या भेटीच्या व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त ६ महिने राहता येतं. विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. हीथ्रोला उतरल्यावर फार चालावं लागतं, आणि रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या माणसाला ते जड जातं. तपासणीला विचारतात, कुणाकडे आलात, किती दिवस, परतीचं तिकीट कधीचं. लेकीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

आता बॅग. आपला जीव खाऊत अडकलेला असतो, मला ठाऊक आहे. पण भारतातून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस तिकडे नेता येत नाही. म्हणजे खव्याचे पेढे नाहीत, बर्फी नाही आणि घरचं कढवलेलं तूपही नाही. येसर न्या, मेतकूट न्या, जवसाची चटणी, कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी न्या. सगळं नीट बंद करून, वर नाव लिहून. बाकी डाळ, पोहे, भेंडी, वांगी वेम्बलीच्या आणि साउथॉलच्या दुकानांत सगळं मिळतं. औषधं मात्र पूर्ण मुक्कामाची घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. तिथली सरकारी आरोग्यसेवा तिथल्या रहिवाशांसाठी आहे. पाहुण्याला दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर खर्च स्वतःचा. प्रवासाचा विमा काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नका, आणि बीपी, साखर जे काही असेल ते विम्याच्या अर्जात लपवू नका.

नळाचं पाणी तिथे तसंच पितात. पाणी कोणत्या दिवशी सुटणार याकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या गावच्या बाईला याचं किती अप्रूप वाटतं ते वेगळं सांगायला नको. शौचालयात मात्र कागदच असतो. पहिल्याच दिवशी लेकीला एक मग आणून ठेवायला सांगा.

पण मला खरं बोलायचंय ते पुढच्याबद्दल. डिसेंबरात तिथे चारच्या आधी सूर्य मावळतो. जावई कामावर, लेक बाळापाशी पेंगुळलेली, खिडकीबाहेर अंधार, गल्लीत चिटपाखरू नाही. फोन करावा तर आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले. पहिले तीन आठवडे मी उंबरठा ओलांडला नाही आणि मनानं पार खचले. म्हणून सांगते, जमत असेल तर एप्रिल ते सप्टेंबरात जा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आणि कधीही गेलात तरी आठवड्याच्या आत एकटीनं बस पकडायला शिका. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. ऑयस्टर कार्ड घ्या, चढताना यंत्राला टेकवा, झालं. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्हीकडे टेकवायचं. एका कार्डावर एकच माणूस, नवरा-बायकोला दोन कार्डं लागतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असलेल्यांची.

आणि जायचं कुठे? मोठी संग्रहालयं पाहायला तिकीट नाही, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं. साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आहे. आपल्या अजिंठ्याची एक मोठी कहाणी तिथे जाऊन पोचली आहे. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षं खपून त्यानं मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा लेण्यांत बसले. त्यांचंही काही काम १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेलं. जे वाचलं ते या संग्रहालयाकडे आहे. सगळं कायम मांडलेलं नसतं, तेव्हा लेकीला आधी चौकशी करायला सांगा. आणि माझी कळकळीची विनंती, निघण्यापूर्वी एकदा अजिंठा बघून जा. शंभर किलोमीटरवर राहून आपल्यातल्या कितीजणांनी पहिल्या लेण्यातला पद्मपाणी शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाहिलाय? सोमवारी लेणी बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी जागा, १० किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनपासून जवळच. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. ज्या माणसानं १९५० मध्ये आपल्या गावात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, त्याचं हे विद्यार्थिदशेतलं बिऱ्हाड. मिलिंदच्या नागसेनवन परिसरातून शिकून गेलेल्या प्रत्येकानं ते पाहावं असं मला फार वाटतं. बाबासाहेब ज्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात तासन्‌तास बसत, तिथली ग्रंथसंपदा आता सेंट पँक्रसच्या इमारतीत हलली आहे. ती शोधत म्युझियममध्ये फिरू नका.

स्मारकाची गल्ली राहत्या घरांची आहे. तिथे संग्रहालय होऊ द्यायला शेजाऱ्यांनी हरकत घेतली होती, स्थानिक कौन्सिलनं परवानगी नाकारली होती. अखेर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारनं ती दिली. तेव्हा तिथे दारासमोर घोळका करून मोठ्यानं बोलू नका, व्हिडिओ कॉलवर घरच्यांना ओरडून दाखवू नका. आपण जोडे काढून देवघरात जातो तसं हळू जा. आतल्या खोल्या सावकाश बघा. आणि बाहेर पडल्यावर उजेड असेल तर शेजारच्या प्रिमरोझ हिलवर चढा. टेकडी लहानच आहे, आपल्याला झेपते. वर बाकं आहेत, आणि तिथून सगळं लंडन दिसतं.