कुणी प्रश्न घेऊन आलं, तर



या सभागृहात आज एम.बी.बी.एस. आणि नर्सिंगचे स्नातक आहेत, बी.एस्सी., एम.एस्सी. झालेले आहेत, पीएच.डी. पूर्ण केलेलेही आहेत. तुम्हा सर्वांशी एकत्र बोलण्याची ही एकच संधी आहे, म्हणून मी एकच विषय घेऊन आलो आहे : वैद्यकीय संशोधन कुणी शिकायचं आणि ते कुणी शिकवायचं.

१९७६च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती, त्यांत मुलं फार. पुस्तकांत खात्रीचा उपाय नव्हता. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. घाम किती, उलटी केव्हा, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कसा चढला आणि कसा उतरला, श्वास कधी लागला, हे सगळं ते लिहीत गेले. त्या नोंदींनी दाखवलं की विषामुळे हृदयावर अतोनात ताण येतो, फुफ्फुसांत पाणी भरतं आणि माणूस जातो. मग रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना दिलं. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते जगासमोर मांडलं. गंभीर दंशातलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्के होतं, ते १ टक्क्याच्या आसपास आलं. मध्यंतरी पुण्यात एम.डी. करून ते परत महाडलाच आले होते. २०११ साली प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास काय फरक पडतो, याची त्यांनी केलेली चाचणी ‘बीएमजे’मध्ये छापून आली.

हे उदाहरण ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मला ते पुरेसं वाटत नाही. इतकी चिकाटी प्रत्येकात असेलच असं नाही, आणि ती असल्याशिवाय संशोधनाच्या वाटेला जाताच येऊ नये, हे समाज म्हणून आपल्याला परवडणारं नाही. प्रशिक्षणाची व्यवस्था त्यासाठीच असते. आपल्याकडे ती आहेही. फक्त ती ज्याला वेळेवर कळते, त्याच्याच उपयोगाची ठरते.

शाळेपासून पाहा. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी आहे, आणि तिच्या शेवटच्या टप्प्यात मुलांना स्वतःचा कृती संशोधन प्रकल्प मांडावा लागतो. बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या मुलांना तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी अधिछात्रवृत्ती आहे. दोन महिने एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही (टीआयएफआर) उन्हाळी उपक्रम असतो. अकादम्यांच्या योजनेत महाविद्यालयीन शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे मात्र शिक्षकांनाच फारसं ठाऊक नसतं.

एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी योजना १९७९ पासून चालू आहे. विद्यार्थी तिला एसटीएस म्हणतात. तिच्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे. कामाची मुदत दोन महिन्यांची. या मुदतीत कुणी मोठा शोध लावत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण विसाव्या वर्षी एखादी मुलगी पहिल्यांदा एक प्रश्न नेमक्या शब्दांत लिहिते. एथिक्स कमिटीसमोर बसून उत्तरं देते. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत तयार करते, आणि ते वाचून दाखवताना तिच्या लक्षात येतं की समोरच्या आजींना ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. किती रुग्ण लागतील याचा हिशेब करते. शेवटी मनासारखा निष्कर्ष निघाला नाही, तरी आहे तो तसाच लिहून पाठवते. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत जास्त गुण देईन.

पुढे एम.डी., एम.एस.चा थिसिस येतो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. चांगलं झालं. पण थिसिस म्हणजे मागच्या बॅचचा विषय, नवे आकडे आणि जुनीच प्रस्तावना, असं जिथे चालतं तिथे अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राने काही सुधारणार नाही.

पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांना पैशांची चिंता असते, आणि ती रास्त आहे. नेट ही परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासकीय संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. ज्यांच्या घरात याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलं नव्हतं, अशांसाठी तो मोठा आधार आहे. तो वेळेवर हाती पडला पाहिजे, हेही मी या व्यासपीठावरून सांगतो.

आता पदव्यांच्या पलीकडे, गडचिरोलीकडे या. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात काम करणाऱ्या गावातल्या स्त्रियांचं शालेय शिक्षण पाच ते दहा वर्षांचं होतं. त्यांनी गर्भवतींची यादी ठेवली, बाळांची वजनं घेतली, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखली, वेळ पडली तेव्हा इंजेक्शनही दिलं, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर उतरवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. आज देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणींच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. नोंद खरी ठेवणं हा संशोधनाचा कणा आहे, आणि तो नीट शिकवला तर सातवी शिकलेली बाईसुद्धा शिकते. नर्सिंगच्या स्नातकांनो, रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ तुम्ही असता. तुमच्या नोंदींचं मोल कमी लेखू नका.

या सगळ्यांत एक समान धागा आहे : शिकवणारं माणूस. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांना मुंबईत डॉ. वसंतराव खानोलकरांसारखे मार्गदर्शक लाभले. पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे पेशीसंवर्धनाचं तंत्र शिकायला गेल्या, परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. तिथे पुढच्या पिढीचे हात तयार झाले. पुस्तक वाचून पेशी जगवता येत नाहीत. शेजारी उभं राहून दाखवणारं कुणी लागतं.

आणि अडतं ते इथेच. एसटीएसच्या अर्जाला महाविद्यालयातला मार्गदर्शक लागतो. ओपीडी, वॉर्ड, तपासण्या, परीक्षा यांतून वेळ नाही म्हणून शिक्षक नकार देतात, आणि चांगला प्रश्न अर्जापर्यंत पोहोचतच नाही. वेळ नसतो, हे मला माहीत आहे. तरीही कुलगुरूंना माझी विनंती आहे की मार्गदर्शनाचे तास शिक्षकांच्या कामाच्या वेळापत्रकात मोजले जावेत.

स्नातकांनो, तुमच्यापैकी कुणी थोड्याच वर्षांत रेसिडेंट, अधिव्याख्याता, शाळेतले विज्ञान शिक्षक किंवा आरोग्य केंद्राचे प्रमुख व्हाल. एखादी विद्यार्थिनी दाराशी येऊन विचारेल, “सर, माझ्या प्रोजेक्टला गाइड व्हाल का?” तिला हो म्हणा. आठवड्याचा एक तास तिच्यासाठी राखून ठेवा, आणि तिने लिहिलेला अहवाल ओळ न ओळ वाचून, दुरुस्त करून तिला परत द्या.