घरची बरणी
(महोत्सवानिमित्त धर्मग्रामातील कुटुंबांपुढे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या भाषणात धर्मगुरूंनी देवळाच्या पायाभरणीचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. ते कार्य या पुस्तिकेत इतरांनी उत्तम प्रकारे केले आहे. आम्हांस आज आपल्या स्वयंपाकघरातील फळीविषयी बोलावयाचे आहे.

जूनच्या आरंभी बदलापूर स्टेशनाबाहेर आदिवासी भगिनी जांभळांच्या टोपल्या मांडून बसतात. या जांभळास २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्याचे नाव आता सरकारदरबारी नोंदले गेले. परंतु नावाने फळ टिकत नाही. सकाळी जो भाव असतो तो सायंकाळी राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी टोपलीच्या तळाशी रसाळ चिखल उरतो. पुढे वर्षभर आपणच जांभळाचा रस दुकानातून बाटलीने विकत आणतो! फळ आपल्या दाराशी पिकावे आणि त्याची साठवण मात्र परक्या कारखान्याने करावी, हे आम्हांस खटकते.

ही विद्या आपणांस नवी नाही. ज्यांचे माहेर वसई-साष्टीकडे आहे, त्यांनी बाटली मसाला पाहिलेला आहे. पावसाळ्यापूर्वीच्या कडक उन्हात मिरच्या वाळवावयाच्या, वीसपंचवीस जिन्नस निरनिराळे भाजावयाचे, लाकडी उखळात लांब मुसळांनी कुटावयाचे, आणि तो मसाला गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरावयाचा. बाटली गडद का, तर प्रकाशाने रंग व वास उडतो म्हणून. ठासून का, तर आत हवा राहू नये म्हणून. शास्त्राचे पुस्तक न उघडता आपल्या आज्यांनी दोन्ही नियम पाळले. वसईची राजेळी केळ्यांची सुकेळी, कोळीवाड्यातील सुके बोंबील, नगर-संगमनेरकडून आलेल्या कुटुंबांच्या कुरडया व सांडगे, हे सर्व त्याच विद्येचे प्रकार होत.

आमचे शेजारीही याची साक्ष देतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांस कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. बराकीतील एका खोलीत, गोणपाटाच्या आडोशाआड राहून, कित्येक सिंधी भगिनींनी पापड लाटून व लोणची घालून संसार उभे केले. गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा जो उद्योग आरंभिला, तो लिज्जत या नावाने आज सर्वांस ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, फादर आम्हांस शेतकरी करावयास निघाले. नाही. अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या, एका खोलीत पाच माणसे राहणाऱ्या कुटुंबास संपूर्ण स्वावलंबी व्हा म्हणणे ही थट्टा होईल. पण महिनाभराचे स्वावलंबन त्याच्याही आवाक्यात आहे. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलो नाही. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली व हजाराहून अधिक प्रवासी सोडवावे लागले. मार्च २०२० मध्ये तर लोकलच बंद झाली आणि रोजंदारीही तिच्याबरोबर थांबली. अशा वेळी फळीवर चार बरण्या असणे म्हणजे वाण्याच्या वहीत चार ओळी कमी असणे होय. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत केले ते याहून मोठे असेल, निराळे नव्हे.

काचेच्या बरणीत अन्न उकळून हवाबंद करण्याची रीत निकोलस अपेर या फ्रेंच हलवायाने शोधली. १८१० साली त्यास फ्रेंच सरकारने १२,००० फ्रँक दिले. अन्न का टिकते, हे मात्र त्यास सांगता आले नाही. ते पुढे पाश्चरने उलगडले. सूक्ष्म जंतू उष्णतेने मरतात आणि बंद झाकणातून नवे आत येत नाहीत, इतकेच ते गूढ होते.

इथे आम्ही आपले पूर्ण लक्ष मागतो, कारण यापुढील गोष्ट जिवाची आहे. आमचे तरुण हल्ली फोनवर पाहून काहीही बाटलीत भरू लागले आहेत. आंबट पदार्थ आणि बिनआंबट पदार्थ यांत जन्ममृत्यूचे अंतर आहे. जांभूळ, कैरी, आवळा, अननस यांच्या आंबटपणात घातक जंतू वाढत नाही. म्हणून त्यांस उकळत्या पाण्याची आच पुरते. टोमॅटो सीमेवरचा आहे: अर्ध्या लिटरच्या बरणीत लिंबाच्या रसाचा मोठा एक चमचा घालावाच, आणि ठेचलेला गरम टोमॅटो भरला असता बरणी ३५ मिनिटे उकळावी. परंतु वाटाणा, घेवडा, मका, मांस, मासळी यांत बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीज उकळूनही मरत नाही. त्यास ११६ ते १२१ अंश उष्णता व तपासून ठरविलेला वेळ लागतो, आणि घरातील लहान कुकर त्या कामाचा नव्हे. बंद बरणीत ते बीज विष करते. पुष्कळदा वास येत नाही, रंग बदलत नाही. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागते, घास गिळवत नाही, पुढे श्वास थांबतो. तेलात बुडविलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणेही तसेच घातक. म्हणून आमचा नियम कडक आहे. मासळी वाळवा, खारवा. बाटलीत भरू नका. या बाबतीत कोणाच्या आत्याने वीस वर्षे केले व काही झाले नाही, हा पुरावा आम्ही मानणार नाही.

जांभळाची कृती सोपी आहे. फळे धुऊन, स्टीलच्या पातेल्यात थोड्या पाण्याबरोबर मंद आचेवर शिजवावी. तांब्याअॅल्युमिनियमला आंबट रस लावू नये. रस गाळून त्यात साखर व लिंबू घालावे, आणि उकळता असतानाच तापलेल्या बरणीत भरावा. वर अर्ध्या बोटाची जागा सोडावी. बरणीचे तोंड स्वच्छ पुसून झाकण लावावे. मग बरणी बुडून वर दोन बोटे पाणी राहील अशा भांड्यात ती उभी करून १५ मिनिटे उकळावी आणि फडक्यावर काढून रात्रभर हलवू नये. सकाळी झाकणाचा मध्य खाली बसलेला असेल व दाबता टक् असा आवाज येत नसेल, तर बरणी साधली. आवाज आला तर तो रस त्याच दिवशी पोरांस द्यावा. त्यांची काही तक्रार नसते.

हे काम पुरुषांनीही शिकावे. मुसळ उचलण्यास ताकद लागते, आणि रविवारी दुपारी ती आपल्याकडे शिल्लक असते असे आम्ही पाहतो.

जूनच्या पहिल्या दोन शनिवारी देवळामागील स्वयंपाकघर दुपारी दोन वाजता उघडे राहील. जांभळे आम्ही स्टेशनावरील भगिनींकडून सकाळच्या भावाने घेऊ, सायंकाळच्या नव्हे. आपण प्रत्येकी दोन बरण्या आणाव्यात. जुनी बरणी चालेल, तोंडाला टवका गेलेली नसावी. झाकण मात्र कोरे असावे.