आकड्याआधी हद्द पाहा

पालघर जिल्ह्याची लोकसंख्या अभ्यासायची आहे? मग आधी हद्द पाहा. हा जिल्हा 2014 साली ठाण्यातून वेगळा झाला… म्हणून 2011 च्या जनगणनेत त्याची गावं ठाणे जिल्ह्यात सापडतात. जनगणनेच्या संकेतस्थळावर गाव-शहरनिहाय तक्ते आहेत. त्यातून पालघरचे तालुके निवडा… आणि बेरीज करा.

कुणी म्हणेल, सगळं ऑनलाइन आहे, मग ग्रंथालय कशाला? जुन्या जनगणना पुस्तिकाही आता संकेतस्थळावर मिळतात, हे खरं. पण तक्ता त्या एका जनगणनेपुरताच असतो. गाव आधीच्या जनगणनेत कोणत्या तालुक्यात होतं… त्यासाठी कोणती पुस्तिका, कोणता नकाशा उघडायचा… हे जाणकार ग्रंथपाल सांगतो. त्याला जरूर विचारा. हद्द न पाहता केलेली तुलना चुकीची ठरू शकते.