एका अक्षराचा फरक



'मारा' आणि 'तारा' यांत फरक एकाच अक्षराचा. आता तुम्हाला वाचता येते, म्हणून तो कळतो.

आपल्या शरीरातही असेच लिखाण असते. त्यात अक्षरे चारच, पण ओळ सुमारे ३०० कोटी अक्षरांची! तिची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात. हाडे-सांधे ठणकतात. दोन्ही प्रतींत चूक असेल तर हा आजार होतो. एकीतच असेल, तर माणूस बहुधा धडधाकट राहतो. त्याला वाहक म्हणतात.

पण प्रत्येक बदल काही घातक नसतो. मग घातक कोणता? २०२३ साली लंडनच्या डीपमाइंड कंपनीने हे काम संगणकाला दिले. माणसांत व माकडांत जो बदल नेहमी दिसतो तो बहुधा निरुपद्रवी, असे त्याला शिकवले. त्याने ७ कोटी १० लाख बदल पाहिले. शंभरातले ५७ निरुपद्रवी असावेत म्हणाला, ३२ घातक. उरलेल्या ११ बद्दल म्हणाला, सांगता येत नाही. शहाणाच म्हणायचा! आपला भगत असे कधी म्हणतो का?

मात्र हा अंदाज अक्षराचा, माणसाचा नव्हे. सिकलसेलला तर संगणकही नको, रक्ताची तपासणी पुरते. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलामागे चारांत एक धोका असतो. तेव्हा सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी दोघांचे रक्त तपासा. या भागांतल्या सरकारी दवाखान्यांत ही तपासणी होते.