एक किडनी देता येते
(विहारातील भाषणाचा मजकूर)



किडनी म्हटलं की वस्तीत चोरीच्याच गोष्टी निघतात. त्या बातम्यांनी माणसं इतकी धास्तावली आहेत, की घरच्या माणसाला किडनी देण्याचं बोलणंही कानात होतं. म्हणून आम्ही आज उघडपणे बोलणार आहोत.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. मरणाच्या दारात असलेला रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. लग्न झालं, मुली झाल्या. आणि देणारा रोनाल्ड? तो वयाच्या ७९ व्या वर्षी, २०१० साली वारला.

डायलिसिसवरच्या माणसाचे आठवड्यातले दोन-तीन दिवस यंत्रापाशी जातात, एका वेळी साधारण चार तास. रोजगार बुडतो तो वेगळाच. जिवंत नातेवाइकाची किडनी मिळाली तर प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे थांबावं लागत नाही, कधी कधी तर डायलिसिस सुरू होण्याआधीच ऑपरेशन होतं. मृत व्यक्तीच्या किडनीपेक्षा ती सहसा जास्त वर्षे टिकते. गोळ्या मात्र जन्मभर, त्या चुकवून चालत नाही.

देणाऱ्याचं काय? उरलेली किडनी थोडी मोठी होऊन जास्त काम करू लागते. काही दिवसांत घरी येता येतं, जड ओझं मात्र काही आठवडे उचलायचं नाही. धोका अगदीच नाही असं आम्ही म्हणणार नाही. म्हणून तर आधी रक्तदाब, साखर, लघवी सगळं तपासतात आणि पुढेही दरवर्षी तपासणी करून घ्यायची असते. जिला पुढे बाळंतपण आहे तिने ते डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो.

आता जरा टोचणारं बोलतो. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते; भाऊ मात्र “मी कमावता आहे” म्हणून मागे सरतो. ती काय घरी बसून खाते? धुणीभांडी, मजुरी ही कमाईच आहे ना? समतेच्या घोषणा देणाऱ्या घरात रक्तगट तपासायला पहिली सुनेलाच का पाठवायची?

१९९४ च्या कायद्याने किडनी विकणं-घेणं गुन्हा आहे आणि देणाऱ्याची स्वखुशी लागतेच. मनात नसेल तर एकट्याने डॉक्टरांना तसं सांगावं. २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही जवळच्या नात्यात धरली जातात. रक्तगट जुळला नाही तरी लगेच हात टेकू नका. अशीच अडचण असलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता येते, तुमची किडनी त्यांच्या माणसाला, त्यांची तुमच्या. ही चौकशी रुग्णालयातल्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरकडे करायची असते, आणि जाताना घरातल्या सगळ्यांचे रक्तगट लिहून न्यावेत.